एका जागी एकच

कबड्डीचा सामना तुम्ही पाहिला असेल. कदाचित खेळलाही असाल. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला सात खेळाडू असतात. एकजण चढाईला येतो. बचाव करणारे हातात हात घालून साखळी करतात आणि त्याची परतीची वाट अडवतात. आता क्षणभर कल्पना करा, की चढाई करणाऱ्याला त्या साखळीतून धुरासारखे आरपार जाता आले, तर काय होईल? त्याला कोणीच पकडू शकणार नाही. खेळात काही गंमतच उरणार नाही. कबड्डीचे सारे डावपेच एका नियमावर उभे आहेत : एका वेळी एका जागी एकच शरीर राहू शकते. हा नियम कोणत्या पंचाने केलेला नाही. तो निसर्गाचा आहे.

आता संगणकावर खेळल्या जाणाऱ्या लढाईच्या खेळांकडे वळू. अशा काही खेळांत एका मैदानात शंभर खेळाडू उतरतात, तर काहींत हजारो. कोणी चंद्रपुरात बसलेला असतो, कोणी मुंबईत, तर कोणी परदेशात. यांपैकी काही प्रसिद्ध खेळांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दोन योद्धे समोरासमोर धावत येतात आणि एकमेकांच्या अंगातून सरळ पलीकडे निघून जातात! झाडाचे पान न् पान हुबेहूब दाखवणाऱ्या कारागिरांना एवढी साधी गोष्ट का जमू नये?

कारण संगणकाला शरीर ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने खेळाडू म्हणजे काही आकडे. मैदानात तो कोठे उभा आहे, कोणत्या दिशेने व किती वेगाने चालला आहे, एवढेच ते आकडे सांगतात. दोन खेळाडूंचे आकडे एकच झाले तरी संगणकाला त्यात काही वावगे वाटत नाही. म्हणून धडक झाली की नाही, हे त्याला मुद्दाम तपासायला सांगावे लागते. ही तपासणी अशी असते : प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य वर्तुळ आहे असे मानायचे. समजा, त्या वर्तुळाची त्रिज्या अर्धा मीटर आहे. मग दोन खेळाडूंच्या मध्यबिंदूंतील अंतर एक मीटरपेक्षा कमी झाले, की धडक झाली. तेव्हा दोघांनाही थांबवायचे किंवा मागे ढकलायचे.

हिशेब सोपा आहे. पण तो किती वेळा करावा लागतो ते पाहा. कबड्डीच्या मैदानावरील १४ खेळाडूंच्या ९१ जोड्या होतात. शंभर खेळाडूंच्या ४,९५० आणि हजार खेळाडूंच्या ४,९९,५०० जोड्या होतात. म्हणजे खेळाडू दहापट झाले, की काम जवळजवळ शंभरपट होते. शिवाय खेळाडू सतत धावत असतात. सेकंदाला वीस वेळा तपासायचे ठरवले, तर हजार खेळाडूंसाठी दर सेकंदाला सुमारे एक कोटी तपासण्या कराव्या लागतील!

यावरची युक्ती तुमच्या जवळच्या जंगलातच सापडेल. ताडोबा-अंधारीचे जंगल काही एकच माणूस राखत नाही. त्याचे परिक्षेत्रांत आणि परिक्षेत्रांचे लहान लहान नियतक्षेत्रांत विभाग केलेले आहेत. प्रत्येक वनरक्षक आपले नियतक्षेत्र पाहतो. मोहर्लीचा वनरक्षक कोळसा परिक्षेत्रातील वाटा तपासत बसत नाही. संगणकही मैदानाचे असेच चौकोन पाडतो. खेळाडू ज्या चौकोनात असेल, तो चौकोन व त्याच्या शेजारचे चौकोन एवढेच तपासतो. दूरच्या दोन खेळाडूंची धडक होणारच नाही. मग त्यांचा हिशेब कशाला? या युक्तीने कोट्यवधी तपासण्या वाचतात.

परंतु ही युक्ती नेमकी लढाईतच अपुरी पडते. चंद्रपूरचा किल्ला आठवा. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेल्या तटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. तटाची लांबी सुमारे अकरा किलोमीटर. पण आत शिरण्याच्या वाटा इतक्याच. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या फौजेने तोफा डागून या तटाला भगदाड पाडले. मग तट कितीही लांब असला, तरी चढाई करणारे आणि अडवणारे त्या एका भगदाडापाशीच भिडणार! संगणकातील लढाईतही असेच होते. मैदान अफाट असते. पण सारे खेळाडू एकाच दारावर तुटून पडतात. सगळे एकाच चौकोनात आले, की चौकोन पाडूनही काम कमी होत नाही.

दुसरी अडचण उशिराची. दूरदूरचे खेळाडू एका मोठ्या संगणकाला जोडलेले असतात. त्याला सर्व्हर म्हणतात. तुम्ही पाऊल टाकले, की त्याची खबर सर्व्हरकडे जाते आणि तेथून इतरांकडे. समजा, या प्रवासाला एक पंचमांश सेकंद लागला आणि खेळाडू सेकंदाला सहा मीटर धावत असला, तर तेवढ्या वेळात तो १.२ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे तुम्हाला पडद्यावर दिसणारी त्याची जागा शिळी असते! तुम्हाला वाट मोकळी दिसते. पण सर्व्हर म्हणतो, ‘तेथे कोणीतरी उभे आहे,’ आणि तुम्हाला मागे ढकलतो. भामरागड किंवा एटापल्लीच्या जंगलातील एखाद्या गावात, जेथे नेटवर्क क्षीण असते, तेथील खेळाडूला असे धक्के जास्त बसतात. चूक नसताना तो हरतो. तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही, न्यायाचाही आहे.

तिसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. शरीरे आरपार जाणार नसतील, तर एखादा खोडकर खेळाडू दारात नुसता उभा राहून सर्वांची वाट अडवू शकतो.

या अडचणींवर निरनिराळ्या खेळांनी निरनिराळे उपाय योजले. २००४ साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने खेळाडूंना एकमेकांतून आरपार जाऊ दिले. २००८ साली आलेल्या ‘वॉरहॅमर ऑनलाइन’ने मात्र शत्रूची वाट अंगाने अडवण्याची सोय ठेवली. त्यामुळे ढाल घेतलेले योद्धे दारात उभे राहून मागच्या सोबत्यांना वाचवू शकत. हा खेळ डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाला. ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशातील खेळात जहाजे एकमेकांना धडकतात व बाजूला ढकलली जातात. जानेवारी २०१४ मध्ये त्यात एक लढाई सुमारे २१ तास चालली आणि तिच्यात साडेसात हजारांहून अधिक खेळाडूंनी भाग घेतला. सर्व्हरवरील भार फार वाढला, की या खेळात काळच हळू केला जातो. अगदी एक दशांश वेगापर्यंत! घाईघाईत चुकीचा निकाल देण्यापेक्षा सावकाश पण बरोबर निकाल द्यावा, हा त्यामागचा विचार.

आपल्या जगात असे काही करता येत नाही. येथे निसर्गाचा हिशेब क्षणभरही थांबत नाही आणि तो कोणाला सवलतही देत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत पाऊस पडत होता. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या, पुलाच्या अरुंद जिन्यावर गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. तेथे कोणी कोणाचा शत्रू नव्हता. जागा थोडी होती आणि शरीरे फार, एवढेच.

अशी संकटे टाळण्यासाठी मात्र धडकेचे हेच गणित उपयोगी पडते. डर्क हेल्बिंग व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संगणकात माणसांची गर्दी उभी करून तिला एका दारातून बाहेर काढून पाहिले. २००० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना आढळले, की सर्वांनीच फार घाई केली, तर दाराशी माणसे अडकतात आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. दरवाजे किती रुंद असावेत, जिने कोठे असावेत, हे ठरवताना अशा प्रयोगांचा आधार घेता येतो.

मित्रांनो, चंद्रपूरला चैत्रात महाकालीची यात्रा भरते, महाशिवरात्रीला मार्कंड्याला जत्रा असते, ईदच्या आधी बाजार फुलतात. अशा ठिकाणी जाल, तेव्हा दारात किंवा जिन्यावर थांबू नका. पुढच्या माणसाला ढकलू नका; त्याच्या पुढेही कोणी असते, आणि ते तुम्हाला दिसत नाही. लहान मुले व वृद्ध माणसे यांना कडेने सुरक्षित जाऊ द्या. पडद्यावरचा योद्धा पडला, तर घडीभराने पुन्हा उभा राहतो. गर्दीत पडलेल्या माणसाला उठायला जागा लागते, आणि ती जागा आपणच सोडायची असते.