पैसे कशाचे मिळतात, ते आधी बघा!

तारोडीतल्या माझ्या दुकानात मी पाण्याचे फिल्टर विकतो, दुरुस्तही करतो. आधी फिल्टर बिघडला तरच मला पैसे मिळायचे. म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान, तो माझा धंदा! मग वर्षाची एएमसी सुरू केली. आता फिल्टर नीट चालला तर माझ्याच फेऱ्या वाचतात.

दवाखान्याचं गणितही असंच आहे. बहुतेक खाजगी हॉस्पिटलना पैसे मिळतात ते ऑपरेशनचे, भरलेल्या खाटेचे. न झालेल्या आजाराचं बिल कोण भरणार?

पण हे बदलता येतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायला शिकवलं. 39 गावांत नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी, तुलनेतल्या गावांच्या मानाने, 62 टक्क्यांनी खाली आला. हा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 2011 पासून देशात आशाताईंना अशा गृहभेटी पूर्ण केल्या की 250 रुपये मिळू लागले. रक्कम तुटपुंजीच, पण ती बाळ आजारी पडण्याआधी जाऊन बघण्याची आहे.

आता आपलं बघा. दुकानदाराला पगारी रजा नसते. शटर खाली, गल्ला शून्य. म्हणून तिशीनंतर बीपी-शुगर तपासाच. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात पैसे बिघडल्याचे मिळतात की नीट चालल्याचे? वहीत लिहा.