हर्शहॉर्न शिल्पोद्यानाची पुनर्रचना

वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीच्या पट्ट्यावरील हर्शहॉर्न कलासंग्रहालयाचे शिल्पोद्यान, म्हणजे उघड्या आकाशाखाली शिल्पे मांडण्यासाठी रचलेली बाग, वास्तुविशारद गॉर्डन बन्शाफ्ट यांनी रस्त्याच्या पातळीखाली, काँक्रीटच्या भिंतींनी वेढलेल्या आवाराच्या रूपात योजले आणि ते १९७४ मध्ये खुले झाले. उन्हाळ्यात ते रखरखीत भासत असल्याने १९८१ मध्ये भूदृश्यरचनाकार लेस्टर कॉलिन्स यांनी तेथे झाडे, हिरवळ आणि उतरणी यांची भर घातली. पुढे भिंती जीर्ण झाल्या, तेव्हा नव्या आराखड्याची जबाबदारी जपानी कलावंत हिरोशी सुगिमोतो यांच्याकडे आली आणि २०२२ मध्ये कामास प्रारंभ झाला. मॉलकडील प्रवेश रुंद करणे आणि संग्रहालयाच्या प्रांगणाशी उद्यान जोडणारा, दीर्घकाळ बंद असलेला भुयारी मार्ग पुन्हा खुला करणे, ही त्यातील निर्विवाद कामे होत.

वाद झाला तो मुख्यतः नव्या दगडी भिंतींवरून. चुना किंवा सिमेंट न वापरता, कोकणातील गडग्याप्रमाणे, दगडावर दगड बसवून रचलेल्या या भिंती आधुनिक ब्राँझशिल्पांना पार्श्वभूमी म्हणून सुगिमोतो यांनी योजल्या. काँक्रीटच्या सपाट पृष्ठभागावर उभारलेल्या मूळ रचनेचा संयम त्यामुळे ढळेल, असा वारसा-संरक्षकांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता, कारण बन्शाफ्ट यांचे उद्यान स्वतःच जतन करण्याजोगी कलाकृती आहे. तरीही खडबडीत, सावल्या धरणाऱ्या दगडापुढे फ्रेंच शिल्पकार रोदँच्या शिल्पांतील पिळदार हातपाय अधिक उठून दिसतील, हा सुगिमोतो यांच्या कल्पनेतील विचारही तितकाच भक्कम आहे. अखेर या आराखड्याला आवश्यक मंजुऱ्या २०२१ मध्ये मिळाल्या.