पंगतीची रीत

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात लग्नकार्य असले, म्हणजे मांडवात पंगत बसते. जमिनीवर पट्ट्या अंथरलेल्या असतात. प्रत्येकासमोर पळसाच्या पानांची पत्रावळ आणि तिच्याशेजारी द्रोण मांडलेला असतो. अलीकडे पळसाच्या पानांची जागा पुष्कळ ठिकाणी कागदाने घेतली आहे, आणि उभ्याने जेवण्याची पद्धतही रूढ होत आहे. तरी पंगत अद्याप नाहीशी झालेली नाही.

पंगतीत पदार्थ मनास येईल तसे वाढीत नाहीत. जुन्या रीतीप्रमाणे प्रथम मीठ वाढतात. मग डाव्या हाताला लिंबू, चटणी व कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, आणि मध्यभागी भाताची मूद. तिच्यावर वरण आणि तूप. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणीही घास उचलीत नाही. यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ असे म्हणतात, आणि मग जेवण सुरू होते. वरणभातामागून पुरी व गोड पदार्थ येतात. शेवटी मठ्ठा किंवा ताकभात येतो. ज्याचे जेवण आधी आटोपले, तोही शेजाऱ्याचे होईपर्यंत बसून राहतो. गावोगाव या क्रमात थोडाफार फरक आढळतो. परंतु क्रम असतोच.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा आहे. पावसाळ्यात येथील बांध्यांतून स्त्रिया गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करतात. अशाच धानाच्या बांध्या येथून हजारो मैल दूर असलेल्या इटली देशातही आहेत, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. उत्तर इटलीत पो नदीच्या सखल प्रदेशात, व्हेर्चेल्ली आणि नोव्हारा या गावांच्या आसपास, तांदूळ मोठ्या प्रमाणावर पिकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथेही रोवणी-निंदणीचे काम मुख्यतः स्त्रियाच करीत. ज्याप्रमाणे त्या बांध्या आपल्याला ओळखीच्या वाटतात, त्याचप्रमाणे तेथील जेवणातला क्रमही आपल्याला सहज समजण्यासारखा आहे.

इटलीतील सणाच्या किंवा रविवारच्या जेवणात पदार्थ एकामागून एक येतात. आरंभी भूक चाळविणारे थोडेसे खाणे येते. त्यास ‘अँतीपास्तो’ म्हणतात. नंतर ‘प्रीमो’, म्हणजे पहिले वाढप. त्यात शेवयांच्या जातीचा पास्ता, सूप किंवा रिसोत्तो असतो. गरम रस थोडा थोडा घालून, ढवळीत ढवळीत शिजविलेला मऊ भात म्हणजे रिसोत्तो. ही ताटली उचलली गेल्यावर ‘सेकोंदो’, म्हणजे मासे किंवा मांस, आणि त्याच्या जोडीला वेगळ्या ताटलीत भाजी. शेवटी फळे, गोड पदार्थ आणि लहानशा पेल्यात कडक कॉफी. रोजच्या जेवणात एवढे प्रकार नसतात. पण जे असतात, त्यांचा क्रम सहसा मोडत नाही. एक ताटली उठून दुसरी येईपर्यंत जो वेळ जातो, तो गप्पांचा. उपाहारगृहातही जेवणाऱ्याने मागितल्यावाचून सहसा बिल आणीत नाहीत. आधीच आणणे म्हणजे पाहुण्याला ‘आता उठा’ असे सुचविण्यासारखे होय.

अमेरिकेतील उपाहारगृहाची रीत याहून निराळी आहे. गिऱ्हाईक बसताच त्याच्यापुढे बर्फ घातलेले पाणी येते. प्रत्येकजण आपल्या आवडीप्रमाणे मुख्य पदार्थ निवडतो. हा पदार्थ नको, तो घाला, असेही सांगतो. मग मांस, बटाटे आणि भाजी एकाच मोठ्या ताटात एकदम येतात. ताट इतके भरलेले असते, की उरलेले अन्न डब्यात घालून घरी नेण्यात तेथे कोणास संकोच वाटत नाही. जेवण संपत आले की बिल न मागता येते, कारण त्या मेजावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसावयाचे असते. वाढणाऱ्याची मिळकतही पुष्कळशी बक्षिसीवर अवलंबून असते. हा उतावीळपणा म्हणावा, तर त्याच्यामागे तेथील व्यवहार आहे. आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, हा विचारही आहे.

या दोन रीतींचा मिलाफ एका पदार्थात दिसतो. १८८० ते १९२० या काळात लक्षावधी गरीब इटालियन लोक पोटासाठी अमेरिकेत गेले. मायदेशी मांस त्यांना क्वचितच मिळे. अमेरिकेत ते स्वस्त होते. त्यांच्या वस्त्यांतून खिम्याचे मोठे गोळे घातलेला पास्ता एकाच ताटात वाढला जाऊ लागला. इटलीत जी दोन वाढपे होती, ती अमेरिकेत एक झाली. देश बदलला, परिस्थिती बदलली, की जेवणाची रीतही बदलते, ती अशी.

मराठी पंगत या दोहोंच्या मध्ये उभी आहे. अमेरिकन ताटाप्रमाणे पुष्कळ पदार्थ तिच्यात एकाच पानावर येतात. इटालियन जेवणाप्रमाणे ती क्रम पाळते आणि थांबते. पानावरची जागा आणि वाढण्याची वेळ, दोन्ही ठरलेली. निवड मात्र थोडी. जे सर्वांना, तेच प्रत्येकाला.

पण ‘सर्वांना’ हा शब्द पंगतीने दीर्घकाळ खरा केला नाही. जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत. ज्यांना अस्पृश्य मानले जाई, त्यांना मांडवाबाहेर, दूर बसून वाढले जाई. घरोघरी, ज्यांनी चुलीपुढे बसून स्वयंपाक केला, त्या स्त्रिया सर्वांच्या मागून, उरलेले जेवीत. भारताच्या संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक उपाहारगृहे जातिभेद न मानता सर्वांना खुली केली. अमेरिकेतही कृष्णवर्णीयांना अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो या गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातील फराळाच्या मेजाशी जाऊन बसले. त्यांना काही वाढले गेले नाही. तरी दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर आणखी विद्यार्थी आले. १९६४ साली तेथील कायद्याने हा भेद बंद केला.

आधी गोड की आधी तिखट, एक ताट की चार ताटल्या, यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत थांबणे, ही मात्र फार मोलाची रीत आहे. तिचा अर्थ एवढाच, की शेजाऱ्याचे पान रिकामे असताना आपला घास गोड लागू नये. मांडवाच्या टोकाशी बसलेल्याचे आणि चुलीपाशी राबणारीचे पानही त्यात मोजले गेले, म्हणजे पंगत खऱ्या अर्थाने पूर्ण होते.