जनसंपर्काची उन्हाळी उमेदवारी

जनसंपर्काचे सिद्धान्त वर्गात शिकवता येतात, पण हे काम अंगवळणी पडते ते प्रत्यक्ष करतानाच. म्हणून पत्रकारिता आणि जनसंवादाच्या अनेक अभ्यासक्रमांत उन्हाळी इंटर्नशिप, म्हणजे सुटीतली उमेदवारी, ठेवलेली असते. दिल्लीतल्या द्वारका उपनगरात, सेक्टर 16-सी मध्ये, गुरु गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठाचे मुख्य संकुल आहे. 1998 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पत्रकारिता पदवीसाठी उन्हाळी प्रशिक्षणाचा अहवाल सादर करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पदवी इंटर्नशिपविषयक मार्गदर्शक सूचनांतही चौथ्या सत्रानंतर 60 ते 120 तासांच्या उमेदवारीची तरतूद आहे.

द्वारकेच्या विद्यार्थ्याला या कामाची क्षेत्रे जवळच सापडतात. 31 डिसेंबर 2005 पासून मेट्रोची ब्लू लाइन हे उपनगर कॅनॉट प्लेसच्या परिसराशी जोडते. मध्य दिल्ली, ओखला, गुरुग्राम, नोएडा इथे जनसंपर्क एजन्सींची कार्यालये आहेत. सेक्टर 25 मधल्या ‘यशोभूमी’ या संमेलन आणि प्रदर्शन केंद्राचे उद्घाटन सप्टेंबर 2023 मध्ये झाले. प्रदर्शन म्हटले की पत्रकार परिषद, वार्ताहरांची नोंदणी, माहितीचे संच आणि छायाचित्रे हे सगळे ओघाने आलेच.

उमेदवाराच्या वाट्याला आधी येते ते वाचन. सकाळी वर्तमानपत्रे आणि संकेतस्थळे चाळून क्लायंटविषयी, त्याच्या स्पर्धकांविषयी आणि त्या व्यवसायाविषयी काय छापून आले आहे, याची नोंद तयार करायची असते. हे काम कंटाळवाणे वाटते आणि अनेक जण ते उरकून टाकतात. ती चूक आहे. कोणती बातमी कोणत्या पानावर लागते, कोणता वार्ताहर आरोग्यावर लिहितो आणि कोणता बांधकाम व्यवसायावर, जिल्हा आवृत्तीला काय हवे असते, हे रोजच्या वाचनातूनच कळते. पुढे मीडिया लिस्ट, म्हणजे पत्रकारांची यादी, करताना हेच ज्ञान उपयोगी पडते. वार्ताहराचे क्षेत्र बदललेले असले किंवा त्याने वर्तमानपत्र सोडलेले असले, तर जुन्या यादीवरून केलेला फोन दोघांचाही वेळ खातो.

त्यानंतर येते प्रेसनोट. नवख्याच्या मसुद्याची सुरुवात बहुधा अशी असते : ‘जाहीर करताना कंपनीला अत्यंत आनंद होत आहे.’ हा आनंद उपसंपादकाच्या काहीच कामाचा नसतो. त्याला हवे असते काय, कुठे, कधी, किती आणि कुणासाठी. वरिष्ठ मसुदा परत पाठवतात तेव्हा विशेषणे खोडलेली असतात, चौथ्या परिच्छेदातली तारीख पहिल्या ओळीत आलेली असते आणि समासात प्रश्न असतो : ‘हा आकडा कुणी दिला?’ एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष, हा साधा हिशेबही इंग्रजी मसुदा मराठी किंवा हिंदीत आणताना चुकू शकतो, आणि चुकलेला आकडा संस्थेच्या नावावर छापला जातो. अधिकाऱ्याचे नाव, पद आणि तोंडी घातलेले वाक्य त्याच्याकडून मंजूर करून घेतल्याशिवाय प्रेसनोट बाहेर जात नाही. तिच्यावर प्रसिद्धीची वेळ घातलेली असेल, तर ती पाळली जाईल याची काळजी घेणे हेही शिकण्याच्या कामांपैकी एक.

सर्वांत अवघड धडा फोनचा. संध्याकाळी अंक लावण्याच्या घाईत असलेल्या वार्ताहराला ‘मेल मिळाला का?’ एवढेच विचारायला फोन केला, तर तो वैतागणारच. त्याच्या वाचकाला या विषयात रस का असावा, हे दोन वाक्यांत सांगता येत असेल तरच फोन करावा. नकार आला की तो निमूट स्वीकारायचा. छापायचे की नाही हा निर्णय संपादकाचा असतो आणि जनसंपर्क व जाहिरात यांत हाच मूलभूत फरक आहे. जाहिरातीत जागा विकत घेतलेली असते. जनसंपर्कात ती माहितीच्या बळावर मिळवावी लागते.

ही सीमारेषा पुसली जाते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2009 च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, ‘पेड न्यूज’चा, प्रश्न गाजला आणि 2010 मध्ये भारतीय प्रेस परिषदेने त्यावर अहवाल दिला. आता तोच प्रश्न समाजमाध्यमांवर आला आहे. मोबदला घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये लागू केली. इन्फ्लुएन्सरची यादी करणाऱ्या उमेदवाराला ती ठाऊक असलीच पाहिजेत.

या व्यवसायाची नीती जुनी आहे. अमेरिकेत आयव्ही ली यांनी 1906 मध्ये आपल्या कामाची तत्त्वे जाहीर केली. काम उघडपणे करू आणि वृत्तपत्रांना अचूक माहिती देऊ, असा त्यांचा आशय होता. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा लपवाछपवी न करता पत्रकारांना माहिती देण्याचा मार्ग त्यांनी धरला. पहिली प्रेसनोट म्हणून याच प्रसंगाचा उल्लेख केला जातो. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया 1958 मध्ये स्थापन झाली. तिची पहिली अखिल भारतीय परिषद 21 एप्रिल 1968 रोजी दिल्लीतच भरली. तिथे व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली गेली आणि पुढे तोच दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन ठरला.

उमेदवारीच्या शेवटी कात्रणांचा अहवाल करावा लागतो, आणि तिथे एक मोह असतो. बातमी तीन कॉलम रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच असेल, तर 60 कॉलम-सेंटिमीटरला जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि ‘एवढ्या रुपयांची प्रसिद्धी मिळाली’ असे क्लायंटला सांगायचे. ही पद्धत सोपी आहे, पण खोटे समाधान देणारी आहे. ती बातमी कुणी वाचली, त्यातून कुणाला काय कळले, कुणाचे मत बदलले, यांपैकी काहीच त्या रकमेतून समजत नाही. जनसंपर्काच्या मूल्यमापनाविषयीच्या 2010 च्या बार्सिलोना तत्त्वांत या हिशेबाला जनसंपर्काचे मूल्य मानण्यास नकार दिला आहे. विद्यार्थ्याने तक्ता सांगितल्याप्रमाणे जरूर भरावा, पण आपल्या महाविद्यालयीन अहवालात त्याच्या मर्यादाही लिहाव्यात.

खासगी एजन्सीखेरीज सरकारी जनसंपर्काचे मोठे जगही दिल्लीत आहे. केंद्राचे पत्र सूचना कार्यालय मराठीसह अनेक भाषांतून प्रसिद्धिपत्रके काढते. महाराष्ट्राच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे महाराष्ट्र परिचय केंद्रही नवी दिल्लीत आहे. इथे विक्रीचा हेतू नसतो. योजना, निर्णय आणि आपत्तीच्या वेळी अधिकृत माहिती लोकांपर्यंत पोचवणे हे काम असते. त्या प्रसिद्धिपत्रकांची रचना नुसती वाचली, तरी मराठी विद्यार्थ्याला बरेच शिकता येते.

मात्र उमेदवारीच्या नावाखाली फुकटचे मनुष्यबळ वापरण्याची प्रवृत्तीही या क्षेत्रात आहे. विद्यार्थी दोन महिने केवळ फोन नंबर भरत बसला, तर त्याला प्रमाणपत्र मिळते, शिक्षण मिळत नाही. म्हणून रुजू होण्याआधीच चार गोष्टी लेखी मागाव्यात : स्टायपेंड किती, कामाचे तास किती, मसुदे कोण तपासणार आणि आपण लिहिलेले कोणते काम पुढे नमुना म्हणून दाखवता येईल. क्लायंटची गोपनीय कागदपत्रे अहवालात जोडू नयेत, एवढे पथ्य विद्यार्थ्यानेही पाळावे. या चार प्रश्नांना उत्तर न देणाऱ्या ठिकाणी सुटी घालवू नये.