स्पॅनिशमधला न उच्चारलेला 'मी'

पुण्यात संध्याकाळी भरणाऱ्या स्पॅनिशच्या एका वर्गात काही वर्षांपूर्वी प्रस्तुत प्रतिनिधीने पहिला निबंध लिहिला. विषय सोपा होता : स्वतःची ओळख. दहा-बारा वाक्ये झाली. वही परत आली तेव्हा लिंग-वचनाच्या चुका फारशा नव्हत्या. पण जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या आरंभी असलेल्या 'यो' या शब्दाभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते. 'यो' म्हणजे मी. शिक्षिकेने समासात एवढेच लिहिले होते, ''इतका 'मी' कशाला?''

व्याकरणाच्या दृष्टीने ती वाक्ये शुद्ध होती. तरीही स्पॅनिशभाषकाच्या कानाला ती खटकतात. 'मी पुण्यात राहतो, मी नोकरी करतो, मी दोन भाषा बोलतो, मी चहा पितो' असे कोणी मराठीत ओळीने बोलू लागले, तर ऐकणारा मनात म्हणेल, 'स्वतःविषयी फारच बोलतात हे!' स्पॅनिशमध्येही तेच घडते. किंवा ऐकणाऱ्याचा असा समज होतो, की बोलणारा दुसऱ्या कोणाशी तुलना करीत आहे : 'मी बुवा चहा पितो, इतरांचे इतर जाणोत.' मनात नसलेला अर्थ एवढ्याशा सर्वनामाने वाक्यात शिरतो.

स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. दिल्लीत २००९ मध्ये 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस' या स्पेनच्या सरकारी संस्थेचे केंद्र सुरू झाले. नोकरीसाठी, शिक्षणासाठी वा हौसेने ही भाषा शिकणारे आपल्याकडेही आहेत. त्यांतील बहुतेकांच्या हाती इंग्रजीतून लिहिलेले पाठ्यपुस्तक असते आणि 'यो'चा हा अतिरेक तेथूनच सुरू होतो. म्हणूनच कर्तृवाचक सर्वनाम केव्हा गाळायचे आणि केव्हा राखायचे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रत्ययात दडलेला कर्ता

'कांतार' म्हणजे गाणे. या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे पाहा. 'कांतो' म्हणजे मी गातो, 'कांतास' म्हणजे तू गातोस, 'कांता' म्हणजे तो गातो किंवा ती गाते, 'कांतामोस' म्हणजे आम्ही गातो, 'कांताइस' म्हणजे तुम्ही गाता आणि 'कांतान' म्हणजे ते गातात. ('कांताइस' हे रूप स्पेनमध्ये चालते, लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'साठीही 'कांतान' हेच रूप वापरतात.) प्रत्येक रूपाचा शेवट निराळा. त्यामुळे 'कांतो' एवढे ऐकले, की गाणारा 'मी' आहे हे कळते. 'यो कांतो' म्हणणे म्हणजे एकच माहिती दोनदा देणे होय.

ही सोय स्पॅनिशला लॅटिनकडून मिळाली. फ्रेंच हीदेखील लॅटिनचीच लेक. परंतु तिच्यातील शब्दांचे अंत्य ध्वनी काळाच्या ओघात झिजले. याच क्रियापदाची 'मी', 'तू', 'तो' आणि 'ते' यांची रूपे फ्रेंच माणूस लिहितो वेगवेगळी, पण उच्चारतो एकसारखीच, 'शाँत'. साहजिकच फ्रेंचला सर्वनामाचा आधार घ्यावा लागतो. इंग्रजीचेही तसेच आहे. नोआम चॉम्स्की यांनी १९८१ मधील आपल्या व्याख्यानग्रंथात अशा कर्तालोपी आणि कर्ता-सक्तीच्या भाषांमधील भेद सिद्धांताच्या पातळीवर मांडला आणि त्यावर पुढे बरेच संशोधन झाले. प्रत्यय हे अर्थात एकमेव कारण नव्हे. जपानी व चिनी भाषांत क्रियापद पुरुषानुसार बदलत नाही, तरीही तेथे संदर्भाच्या बळावर कर्ता गाळला जातो.

स्पॅनिशमध्ये एकाच कर्त्याच्या अनेक क्रिया सांगायच्या असतील, तर लोप अगदी स्वाभाविक ठरतो. 'मे लेवांतो, तोमो काफे इ लेओ एल पेरिओदिको', म्हणजे 'उठतो, कॉफी घेतो आणि वर्तमानपत्र वाचतो'. तीन क्रियापदे आहेत, 'यो' एकदाही नाही आणि गैरसमजाला जागाही नाही.

केव्हा राखावे?

पहिला प्रसंग विरोधाचा. 'यो कांतो इ एया बाइला', म्हणजे 'मी गातो आणि ती नाचते'. दोन कर्ते समोरासमोर आले, की दोघांचीही नावे घ्यावी लागतात.

दुसरा प्रसंग जोर देण्याचा. उपाहारगृहात बिल आले. एकाने 'पागो' म्हटले, तर ती साधी माहिती झाली : पैसे देतो. पण चौघांचे हात खिशाकडे गेले असताना कोणी 'पागो यो' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'पैसे मीच देणार, तुम्ही नाही.' या ठिकाणी सर्वनाम गाळले, तर आग्रहच नाहीसा होतो. काच फुटल्यावर 'कोणी फोडली?' या प्रश्नाला लहान मूल उत्तर देते, 'यो नो फुई', म्हणजे 'मी नाही काही!' यातून 'यो' काढून 'नो फुई' एवढेच म्हटले, तर 'मी गेलो नव्हतो' असा भलताच अर्थ निघू शकतो. कारण 'असणे' व 'जाणे' या दोन्ही क्रियापदांचे भूतकाळी रूप 'फुई' हेच आहे.

तिसरा प्रसंग क्रियापदच नसल्याचा. 'यो ताम्बिएन', म्हणजे 'मीसुद्धा', यात सर्वनामावाचून दुसरे काही उरतच नाही. दारावर टकटक करून 'सोई यो', म्हणजे 'मी आहे' असे सांगताना तर 'यो' हीच खरी बातमी असते.

चौथा प्रसंग संदिग्धतेचा. अपूर्ण भूतकाळात 'मी गात असे' आणि 'तो गात असे' या दोहोंना 'कांताबा' हे एकच रूप आहे. संकेतार्थातील 'कांतारिआ' आणि संभाव्यतेचे 'कांते' यांचेही तसेच. मागच्या वाक्यावरून कर्ता स्पष्ट होत नसेल, तर येथे 'यो', 'एल' (तो) किंवा 'एया' (ती) घालणे हिताचे. गोष्टीत दोन पुरुष असले, की आणखी पेच पडतो. 'खुआन विओ आ पेद्रो कुआन्दो एन्त्रो', म्हणजे 'आत आला तेव्हा खुआनने पेद्रोला पाहिले'. आत आला कोण? सर्वनाम नसेल, तर वाचकाचा कल सामान्यतः आधीच्या कर्त्याकडे, म्हणजे खुआनकडे असतो. 'एल' घातले, तर तो पेद्रोकडे झुकू शकतो. हा केवळ कल आहे, पक्का नियम नव्हे. ज्या मजकुरात कोणी काय केले याला महत्त्व आहे, तेथे सरळ नाव लिहावे.

पाचवा प्रसंग आदराचा. 'आपण' या अर्थी स्पॅनिशमध्ये 'उस्तेद' हा शब्द आहे. तो 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या संबोधनाचा आक्रसलेला अवतार आहे. त्यामुळे त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते. आपल्याकडे समोरच्यालाच 'साहेब चहा घेणार का?' असे विचारतात, तसेच. 'किएरे काफे?' याचा अर्थ 'त्यांना कॉफी हवी आहे का?' असाही होतो आणि 'आपल्याला कॉफी हवी आहे का?' असाही. 'किएरे उस्तेद काफे?' म्हटले, की शंका मिटते आणि अदबही राखली जाते. पुढे मात्र प्रत्येक वाक्यात 'उस्तेद' नको.

जेथे सर्वनाम चालतच नाही

पाऊस पडत असला, तर स्पॅनिश माणूस 'युएवे' एवढा एकच शब्द उच्चारतो. 'उशीर झाला' हे 'एस तार्दे' या दोन शब्दांत होते. इंग्रजीत अशा ठिकाणी नाममात्र 'इट' बसवावे लागते. प्रमाण स्पॅनिशमध्ये ती जागा रिकामीच असते. निर्जीव वस्तूंचेही तसेच. 'कामिसा', म्हणजे सदरा, हा शब्द स्त्रीलिंगी आहे. पण 'नवा आहे' हे सांगताना 'एस नुएवा' पुरे. तेथे 'एया' म्हटले, तर ऐकणारा एखाद्या बाईचा शोध घेऊ लागेल.

'दिसेन के...' हे वाक्य तर मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. त्याचा अर्थ 'म्हणतात की...'. कोण म्हणतात, हे सांगायचे नसते. त्यात 'एयोस' (ते) घातले, की लोकापवाद संपतो आणि विशिष्ट माणसांकडे बोट जाते. बातमीदाराने तरी हा फरक विसरू नये! याच संदर्भात आणखी एक गंमत. 'लोस पेरिओदिस्तास प्रेगुन्तामोस मुचो', म्हणजे 'आम्ही पत्रकार फार प्रश्न विचारतो'. यात 'आम्ही' हा शब्द कोठेच नाही. क्रियापदाच्या 'मोस' या प्रत्ययाने बोलणाऱ्याला पत्रकारांत आणून बसवले आहे. 'प्रेगुन्तान' म्हटले असते, तर बोलणारा बाहेरचा ठरला असता.

कॅरिबियनची वेगळी रीत

सर्व स्पॅनिशभाषक सारख्याच प्रमाणात सर्वनामे गाळतात असे नाही. क्युबा, प्वेर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथील बोलीत ती बरीच अधिक ऐकू येतात. 'तुला काय हवे?' हे इतरत्र 'के किएरेस?' असे विचारतात. तेथे 'के तू किएरेस?' असे सर्रास विचारले जाते. (स्पॅनिशमधील 'तू' आणि मराठीतील 'तू' यांचा अर्थही एकच आणि प्राचीन मूळही एकच.) या बोलींत शब्दान्तीचा 'स' बहुधा गळतो. मग 'कांतास' आणि 'कांता' यांत फरक उरत नाही आणि त्याची भरपाई सर्वनामाने होते, असे स्पष्टीकरण दिले जाते. पण तेवढ्याने कोडे पूर्ण सुटत नाही. कारण 'स'चा काहीच संबंध नसलेला 'यो'ही तेथे अधिक वापरला जातो.

रिकार्दो ओतेगी आणि आना सेलिया सेन्तेया या अभ्यासकांनी न्यूयॉर्कमधील स्पॅनिशविषयीचा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या शहरात वाढलेले स्पॅनिशभाषक नवागतांपेक्षा अधिक सर्वनामे वापरतात, असे त्यांना आढळले आणि त्यामागे इंग्रजीचा सहवास हे एक कारण त्यांनी दाखविले. ज्यांच्या घरातच स्पॅनिश आहे, त्यांनाही इंग्रजी या दिशेने ओढते. मग पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तिने ओढावे, यात नवल ते काय?

मराठी माणसाची सोय

वास्तविक आपल्याला इंग्रजीच्या वाटेने जाण्याचे कारण नाही. 'येतोस का?', 'उद्या सांगतो', 'जेवलात?' ही वाक्ये आपण दिवसभर कर्त्यावाचून बोलतो. सावध राहायचे ते एका ठिकाणी. मराठीत 'पत्र लिहिले' म्हटले, तर क्रियापद पत्राप्रमाणे चालते आणि लिहिणारा कोण ते कळत नाही; म्हणून 'मी' घालावासा वाटतो. स्पॅनिशमध्ये 'एस्क्रिबी' म्हणजे मी लिहिले आणि 'एस्क्रिबिओ' म्हणजे त्याने किंवा तिने लिहिले. या भूतकाळात स्पॅनिश मराठीपेक्षाही निर्धास्तपणे कर्ता गाळते.

वर्गातील शिक्षिकेने नंतर एक सोपी कसोटी सांगितली. वाक्य आधी मराठीत मनाशी म्हणावे. 'मी'ला 'च', 'तर', 'मात्र' किंवा 'सुद्धा' जोडावेसे वाटले, तर 'यो' ठेवावा, नाहीतर गाळावा. क्रियापदाचे रूप दोघांना सारखेच असेल आणि घोटाळ्याची भीती असेल, तर तेवढा अपवाद करावा. त्या कसोटीवर घासून पहिला निबंध पुन्हा लिहिला, तेव्हा बारा वाक्यांत 'यो' एकदाच आला : 'घरात सगळे चहा पितात, मी मात्र कॉफी पितो.' या वेळी त्याभोवती वर्तुळ नव्हते.