मोबाइलबंदीचा ठराव आणि मुलांचं मन

यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्शी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद. गावाची काळजी खरी होती. पण मोबाइलवरच्या समाजमाध्यमांनी मुलांचं मन बिघडतं का, याचं उत्तर एका ओळीत मावत नाही.

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ मध्ये इशारा दिला की रोज तीन तासांहून जास्त वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. उलट, २०१९ च्या ऑर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांच्या अभ्यासात मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकाचा जेमतेम ०.४ टक्के भाग स्क्रीनशी जोडता आला. शिवाय आधीच उदास असलेलं मूलही फोनकडे वळतं. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

मला तासांपेक्षा महत्त्वाची वाटते ती झोप. रात्री एकपर्यंत रील्स पाहणारी दहावीतली मुलगी सकाळी शाळेत चिडचिडी असते. सतत इतरांशी तुलना, फोटोखालची टिंगल, धमक्या यांचा घाव वेगळाच, आणि तो घरात कोणाला दिसत नाही.

म्हणून रात्री फोन मुलांच्या खोलीबाहेर ठेवा, त्यांच्याशी बोला. मूल गप्प झालं, जेवेनासं झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.