तंबोऱ्यांच्या गावी एक दिवस

गवयांची गावे पुष्कळ आहेत. परंतु गवयाच्या मागे अखंड सूर धरणारे वाद्य जेथे जन्मास येते, असे गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज. भारतभेटीस गेलो असता ह्या गावासाठी आम्ही एक संपूर्ण दिवस राखून ठेवला होता. यजमान, मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात असा परिवार बरोबर होता. नातीचा जन्म इस्राएलचा. मराठी तिला समजते, पण उत्तर हिब्रूत येते. मुक्काम कोल्हापुरास होता. तेथून मिरज आगगाडीने सुमारे पन्नास किलोमीटर. सकाळी जाऊन रात्री परतण्याजोगी ही सहल आहे.

प्रथम आम्ही ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. ह्याच आवारात किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १८७२ साली उत्तरेतील कैराना येथे जन्मलेल्या ह्या गायकाने मिरजेस आपले घर केले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवास करीत असता एका रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचा देह मिरजेस आणण्यात आला. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ येथे संगीतसभा भरते, आणि नामवंत कलावंत सेवा म्हणून हजेरी लावतात.

संगीताशी ह्या गावाचे नाते एवढ्यावरच संपत नाही. डोळ्यांस इजा झालेले विष्णु दिगंबर पलुसकर बालवयात उपचारासाठी येथे आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य झाले. पुढे १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. नारायणराव राजहंस, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांचे लाडके बालगंधर्व, यांनी किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त १९०५ साली रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते मिरजेतच. त्यांच्या नावाचे नाट्यगृह आज तेथे उभे आहे.

दुपारी मात्र आम्ही वाद्ये घडविणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो, आणि खरी सहल तेथेच झाली. ह्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी व भाले यांना धार लावणारे. इंग्रजी अमल स्थिरावल्यावर शस्त्रांची मागणी सरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी सतार-तंबोरे घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि पोलादावर बसलेला हात लाकडावर व भोपळ्यावर फिरू लागला. त्यांच्या वंशातील कित्येकांचे आडनावच आता सतारमेकर आहे.

एका वृद्ध कारागिराने आम्हांस आत बोलाविले. छतास वाळलेले भोपळे टांगलेले होते. "हे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे," ते म्हणाले. दांडी व तबली तुणीच्या लाकडाची. तारा चार : पहिली पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि चौथी खर्जाच्या षड्जात. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा अगदी किंचित उतरता घासावा लागतो, आणि तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून नेमकी जागा शोधावी लागते. ह्यास जवारी म्हणतात. जवारी साधली की एका तारेतून अनेक सूर झंकारू लागतात.

"चाचा, किती घासायचे ते मोजता कशाने?" जावयांनी विचारले.

"कानाने," ते म्हणाले. "माप असते तर मुलाला कागदावर लिहून दिले असते. तो पुण्याला नोकरी करतो. सुटीत येतो तेव्हा शेजारी बसवतो. बसल्याशिवाय येत नाही."

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु आता विजेवरचा तंबोरा पेटीत मावतो, आणि भ्रमणध्वनीतही वाजतो. मानांकनाचा कागद घोडी घासू शकत नाही. त्यासाठी शेजारी बसणारा कोणीतरी लागतो.

नातीने तंबोरा छेडून पाहिला आणि विचारले, "आजी, हा धरून मागे बसतो त्याला गाता येत नाही का?" मी तिला सांगितले की गुरूच्या मागे तंबोरा धरणारा बहुधा त्यांचा शिष्यच असतो. आधी तो सूर धरतो, ऐकतो. गाणे पुढे येते.

वाचकबंधुभगिनींनो, हे उत्तर देताना मला आपलाच समाज आठवला. कोकणात आपल्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी ते बंद ठेवीत म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पुढे सुतारकाम, पलटण, रेल्वे, कचेरी असे व्यवसाय त्यांनी पत्करले. घाणा सुटला, शब्बाथ राहिला. १८८० च्या सुमारास मुंबईतील आपल्या मंडळींनी कीर्तनाचा साचा उचलून आब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत गायिली. ती पदे ज्यांना मुखोद्गत आहेत, अशी माणसे आज लोद, दिमोना, अश्दोद येथे बोटांवर मोजण्याइतकी उरत चालली आहेत.

मुले मराठी बोलत नाहीत म्हणून आपण हळहळतो आणि तेथेच थांबतो. शिक्षिका म्हणून मला वाटते की आरंभ धृपदापासून करावा. घरातील जुन्या वहीतील एक पद निवडावे, त्याचे धृपद हिब्रू अक्षरांत लिहून नातवंडांच्या हाती द्यावे, आणि पुढच्या मलिद्यास 'एलियाहू हन्नाबी' झाल्यावर ते म्हणावे. कडवी आजी-आजोबांनी म्हणावीत, मुलांनी केवळ धृपद धरावे. अर्थ आज कळला नाही तरी चालेल. कान तयार होतील, आणि अर्थ विचारण्याची इच्छा त्यांतूनच उपजेल. ज्यांना कडवी येतात ते आपल्यात आहेत तोवर मुलांना त्यांच्या शेजारी बसवावे, एवढीच विनंती.